सासूची जीभ

“देव आमच्या आईला जीभ द्यायला विसरला होता, ती या पठ्ठ्याने कुंडीत घालून आणली!” मुलगा म्हणाला, आणि दिवाणखान्यातली सगळी माणसं खो खो हसली.

कुंडी त्या आईच्या, आक्काच्या, मांडीवर होती. मुलाचा जिवलग मित्र विमा विकायचा. घरात येतो न येतो तोच त्याने ती तिच्या मांडीवर ठेवून दिली होती. मुलाला टायरच्या शोरूमचा मॅनेजर केलं होतं, त्याचं हे जेवण. दहा-बारा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, उसना आणलेला स्पीकर. कुंडीत ताठ उभी, जाड, तलवारीच्या पात्यांसारखी पानं होती. हिरव्यावर राखाडी पट्टे आणि कडेला पिवळी किनार.

“नाव माहीत आहे का वहिनी? सासूची जीभ!” विमावाला सुनेला म्हणाला. त्याला विमा समजावून सांगायची सवय, त्यामुळे तो बोटांवर मोजत बोले. “का म्हणतात सांगतो. एक तर लांबच लांब. वर दोन्ही कडांना धार, टोकाला टोचते ती वेगळीच. आणि मुख्य म्हणजे पाणी घालू नका, ऊन दाखवू नका, महिनाभर कोंडून ठेवा. मरत म्हणून नाही!”

पुन्हा हशा. सूनही हसली, पण सगळ्यांच्या मागून आणि तोंडावर हात धरून. तिचा खालचा ओठ आतून फाटलेला होता. ही गोष्ट त्या खोलीत तिघांनाच ठाऊक होती. ज्याने फाडला तो, जिचा फाटला ती, आणि मांडीवर कुंडी घेऊन बसलेली आक्का.

आक्काने मुलाकडे पाहिलं. हसताना त्याने तोंड उघडं टाकलं होतं, त्यातला अर्धा चावलेला घास दिसत होता, हनुवटीवर तेलाचा ओघळ आला होता. तिला एकदम घाण वाटली. आपण याला पाजलं, याचं ढुंगण धुतलं, तापात याची ओकारी ओंजळीत झेलली, तेव्हा कधी काही वाटलं नाही. आणि आता याचा एक घास बघवत नाही.

घाण वाटणं हा आक्काचा स्वभावच नव्हता. तिचं सगळं आयुष्य मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात गेलं होतं. वॉर्डांमधून गाठोडी यायची, ती सोडायची, चादरी वेगळ्या, गाऊन वेगळे, ऑपरेशनचे हिरवे कपडे वेगळे. त्यांत काय काय निघायचं ते सांगण्यासारखं नाही. नव्याने लागलेल्या बायका पहिल्या दिवशी मोरीपाशी वाकून बसत आणि दुसऱ्या दिवशी येत नसत. आक्का मात्र गाठोडं सोडता सोडता डब्यात आज काय आहे ते विचारायची. “अगं, माणसाच्या आतलंच ना ते? आत होतं तोवर कोणाला घाण नव्हती,” असं तिचं म्हणणं. बोलायची एरवी बेताचंच. इस्त्रीवर उभी राहणारी तिची मैत्रीण म्हणायची, “हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे भिजलेल्या गादीतून कापूस काढायचा.”

ते खरंच होतं. आक्का गप्प राहायला फार लहानपणी, म्हणजे लग्नानंतर लगेचच शिकली. नवरा कंपाउंडर होता, चारचौघांत गोड माणूस. घरी आला की दार लावायचा. पलीकडच्या खोलीत आक्काची सासू असे. भिंतींना कान असतात म्हणतात, त्या घरातल्या भिंतीला कानच होते, तोंड नव्हतं. सासूला सगळं ऐकू जायचं. सकाळी ती सुजलेल्या गालाकडे न बघता विचारायची, “चहात साखर घालू का थोडी जास्त?” आक्काला नवऱ्याचा राग यायचा, पण किळस यायची ती त्या साखरेची. मनात म्हणायची, मेले तरी अशी म्हातारी होणार नाही.

नवरा गेला, सासू गेली. मुलगा मोठा झाला, हसरा आणि बोलका, गल्लीत सगळ्यांचा लाडका. लग्न झालं. आणि एके दिवशी दुपारी भिंतीपलीकडून ओळखीचा आवाज आला. आक्काने काय केलं? तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

तेव्हापासून ती वाढवतच होती.

कुंडी मुलाने टीव्हीशेजारी मांडली. येईल त्याला तो दाखवायचा. “ही आमची आई, आणि ही तिची जीभ. दोघी एकमेकींपासून लांब आहेत म्हणून घरात शांतता आहे.” गॅसवाला हसला, खालच्या मजल्यावरच्या काकू हसल्या. काकू तर आक्काला कानात म्हणाल्या, “नशीबवान आहात हो, किती मोकळा मुलगा आहे. आमचा तर घरात तोंड उघडत नाही.” आक्काला वाटलं, यांच्या तोंडावर भांड्याचं पाणी ओतावं. पण ती म्हणाली, “बसा ना.”

एकदा सकाळी मुलगा शोरूमला गेल्यावर तिने न्हाणीघरात पाहिलं, तर बादलीत उशीचा अभ्रा भिजत घातलेला होता. पाण्यातून वाफ येत होती. आक्काचा हात आपोआप पुढे झाला. तिने ते पाणी ओतून दिलं, गार पाणी घेतलं, मीठ टाकलं आणि अभ्रा चोळायला घेतला. रक्ताला गरम पाणी घातलं की डाग पक्का बसतो, हे या पोरीला कोणी सांगितलं नसावं.

मागे पावलं वाजली. सून दारात उभी होती.

“गरम पाणी घालायचं नसतं,” आक्का म्हणाली.

“डाग मात्र छान काढता तुम्ही, आई,” सून म्हणाली.

ती चिडून नव्हती बोलली. भाजी निवडताना किडकी शेंग बाजूला टाकावी तसं वाक्य टाकलं आणि स्वयंपाकघरात गेली. आक्का ओल्या हातांनी तशीच उकिडवी बसून राहिली. अभ्रा स्वच्छ निघाला होता. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

त्याच दिवशी दुपारी कणीक मळणं आणि भाजी चिरणं चाललं असताना सून आपणहून बोलली. असं क्वचितच व्हायचं.

“त्या झाडाचं नाव मी मोबाइलवर बघितलं.”

“सासूची जीभ ना?”

“ते एक. आणखी पुष्कळ आहेत. कुठे त्याला सापाचं झाड म्हणतात, त्या पट्ट्यांमुळे. त्याच्या पानांत चिवट धागा असतो म्हणे, जुन्या काळी लोक त्याची धनुष्याला दोरी करायचे. मग धनुष्याच्या दोरीचं झाड असंही नाव आहे.”

“हे बरं आहे,” आक्का म्हणाली. “दोरी कामाची तरी.”

“हो ना. एवढ्या कामाच्या झाडाला सासूची जीभ कोणी चिकटवली ते मात्र कुठे सापडत नाही.” सुनेने कांद्याचं साल ओढून काढलं. “मला वाटतं, कोणातरी नवऱ्याने चिकटवली असणार.”

“नवऱ्याने? मला वाटलं सुनेने.”

“सुनेला कुठली सवड नावं ठेवायला! अहो, सासू आणि सून म्हटलं की जग हसायला मोकळं. दोघींची झुंज लावून दिली की मधे जो उभा असतो ना, त्याच्याकडे कोणी बघत नाही.”

आक्काचे हात कणकेत थांबले. तिला काहीतरी म्हणायचं होतं. घशाशी आलं, पण बाहेर येईना, इतक्या वर्षांत वाट बुजून गेली होती. सुनेने कांदा चिरायला घेतला.

पुढच्या रविवारी भर दुपारी ते पुन्हा झालं. निमित्त काय, तर शर्टाची इस्त्री. आक्का बाहेर टीव्हीसमोर बसली होती. आधी मुलाचा आवाज वाढला, मग अगदी हळू झाला. बापाचाही तसाच व्हायचा. आवाज हळू झाला की पुढे काय, ते आक्काच्या पाठीला ठाऊक होतं. काहीतरी कपाटावर आपटलं. रिमोट तिच्या हातात होता. अंगठा बटणावर होता.

तिने बटण दाबलं. टीव्हीवर कोणीतरी भांडी घासायच्या साबणाचं गाणं म्हणत होतं, ते घरभर घुमलं.

थोड्या वेळाने मुलगा बाहेर आला, तोंड धुऊन, केस विंचरून. “आलोच,” म्हणाला. परत आला तेव्हा हातात आइसक्रीमचा डबा. तो नेहमी आणायचा. मारून झालं की आइसक्रीम, आणि तेही सुनेच्या आवडीचं. त्याने स्वतः तीन वाट्या काढल्या, स्वतः चमचे ठेवले.

“ये ग, वितळेल,” त्याने हाक मारली. “आई, घे ना.”

सून येऊन बसली. डावा डोळा मिटत आला होता. तिने वाटी घेतली आणि खायला सुरुवात केली. घास गिळताना ती मान जराशी वळवायची. मुलगा चमचा चाटत होता. मचमच आवाज येत होता. “मस्त आहे ना?” तो म्हणाला. “आपण तिघं असे निवांत बसतोच कुठे?”

आक्काने चमचाभर आइसक्रीम तोंडात घातलं. गोड होतं, फार गोड. तिला ती जुनी साखर आठवली. पुढच्या क्षणी पोटापासून सगळं उलटलं. वाटी ठेवायलाही वेळ मिळाला नाही. ती धावत मोरीपाशी गेली, आणि ज्या बाईने आयुष्यभर परक्यांच्या ओकाऱ्या धुतल्या, ती दोन्ही हातांनी भिंत धरून ओकत राहिली.

“काय झालं आईला? बाहेरचं काही खाल्लं का?” मुलगा आतून विचारत होता. उठला मात्र नाही. वाटी संपायची होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेचे वडील आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. अंगाने किरकोळ, नखांत कायमचं काळं ग्रीस. जवळच कुठेतरी काम होतं, सहज डोकावलो, म्हणाले. लेकीचा डोळा पाहिला आणि हातातला चहा त्यांनी खाली ठेवला.

“काय झालं ग?”

“न्हाणीघरात पाय घसरला, बाबा.”

“फरशीच तसली आहे हो,” मुलगा म्हणाला. “घरमालकाला सांगून सांगून जीभ झिजली माझी.”

वडिलांना शंका पहिल्यांदा येत नव्हती. मागे एकदा लेकीने काही सांगायला सुरुवात केली होती, तेव्हा त्यांनीच म्हटलं होतं, संसारात थोडं इकडे-तिकडे व्हायचंच. ते शब्द आता त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. मग आक्काकडे वळले.

“तुम्ही घरातच असता. तुम्ही सांगा, पडली का?”

मुलगा हसला. अगदी मोकळेपणाने, पाहुण्यांपुढे हसायचा तसा. “आईला काय विचारता? आईची जीभ ती बघा तिकडे, टीव्हीशेजारी.”

कोणी हसलं नाही. तोच एकटा हसत होता आणि पुढचे दात दाखवत सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता, कोण सामील होतंय ते.

“पडली नाही,” आक्का म्हणाली.

आवाज तिचा तिलाच परका वाटला, फाटका, घोगरा. तिने घसा साफ केला.

“पडली नाही ती. याने मारलं. डाव्या हाताने केस धरतो, उजव्याने मारतो. याच्या बापाची पद्धत. बाप दार लावायचा, हा टीव्हीच्या भरवशावर असतो.”

“आई!” मुलगा उठला. “काय बरळतेस? गोळी घेतलीस का आज?” मग तो सासऱ्यांकडे वळला, आवाज गोड करून, “वय झालंय हो तिचं. काल पोट बिघडलं होतं, रात्रभर झोप नाही.”

“पोट तुझ्या आइसक्रीमने बिघडलं,” आक्का म्हणाली. “आणि टीव्हीचा आवाज मी वाढवत होते. कालही मीच वाढवला. तेही धरा.”

शेवटचं वाक्य तिने सुनेच्या वडिलांना सांगितलं, पण बघत सुनेकडे होती. सुनेच्या उघड्या डोळ्यात पाणी नव्हतं, आनंद नव्हता. निघून गेलेल्या गाडीच्या मागे कोणी धापा टाकत आलं, तर फलाटावरचा माणूस त्याच्याकडे जसं बघतो, तसं ती बघत होती.

वडील उठले. जावयाला काही बोलले नाहीत. ते मुकाट्याने लेकीच्या खोलीत गेले, कपाटावरची बॅग काढली आणि म्हणाले, “चल, भर.” घाईत त्यांना चेन उघडेना. शेवटी लेकीनेच ती उघडली.

ते गेल्यावर मुलगा खुर्चीत बसला. मग रडायला लागला. अगदी लहानपणी रडायचा तसा, खालचा ओठ पुढे काढून. “तूच माझं घर मोडलंस, आई. सख्ख्या आईने.” नाक पुसलं, हात शर्टाला पुसला. “आता जेवायचं काय?”

आक्काला वाटलं होतं, याला रडताना पाहून पोटात तुटेल. तिने वाट पाहिली. काही तुटलं नाही. फक्त ती घाण वाटायची भावना होती तिथेच होती, साचलेल्या पाण्यासारखी. तिने दोन साड्या, चष्मा आणि औषधांचा डबा पिशवीत भरला.

इस्त्रीवाली मैत्रीण एकटीच राहायची, एका खोलीत, वरच्या मजल्यावर. तिने दार उघडलं, पिशवी पाहिली, आक्काचं तोंड पाहिलं.

“कापूस निघाला वाटतं गादीतून,” ती म्हणाली.

“निघाला.”

“बरं झालं. आत ये. घोरत असशील तर मात्र सकाळी हाकलून देईन.”

चार दिवसांनी वडिलांचा निरोप आला. लेक तक्रार द्यायला जाणार आहे, तुम्ही याल का. आक्का गेली. पोलीस ठाण्यात एका लहान खोलीत लाकडी टेबल होतं, त्यापलीकडे एक बाई बसून लिहून घेत होती. वयाने सुनेएवढीच असेल. सुनेचं सांगून झालं. मग बाईने आक्काला पुढे बोलावलं.

“नातं?”

“सासू.”

बाईने मान वर केली. “कोणाची?”

“आत्ता सांगून बाहेर गेली तिची. मारणाऱ्याची आई.”

“तुमचं आणि सुनेचं पटायचं?”

“नाही.”

“मग?”

“पटण्याचा काय संबंध?” आक्का म्हणाली. “मला ऐकू येत होतं.”

बाईने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आक्का बोलत राहिली. काय ऐकलं, कधी ऐकलं, दाराचा आवाज कसा आला, कपाटाचा कसा. मधे एकदा तिला पाणी लागलं, ते तिने मागून घेतलं. स्वतःच्या पोराचं सांगताना तिचा आवाज कापला नाही, आणि आपण रिमोटवर अंगठा कसा दाबला ते सांगताना कापला. बाहेर बाकावर सून आणि तिचे वडील बसले होते. दार उघडंच होतं. सगळं ऐकू जात असणार.

काम आटोपलं तेव्हा ऊन उतरलं होतं. वडिलांना कुठेतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला होता, ते तिथूनच परस्पर गेले. जाताना आक्काला म्हणाले, “तुमची बस आणि हिची एकच आहे. बरोबरच जा.”

दोघी थांब्यावर उभ्या राहिल्या. सुनेच्या डोळ्याखालचं काळं आता पिवळं पडू लागलं होतं. आक्काला विचारायचं होतं, दुखतं का. तिने विचारलं नाही. त्या प्रश्नाचा हक्क आपण कधीच घालवला, एवढं तिला कळत होतं.

बस आली. सून पुढे चढली, मागोमाग आक्का. बसमध्ये उभं कोणी नव्हतं, पण बसायला जागा एकच होती, सुनेच्या शेजारी. सून खिडकीपाशी सरकली. आक्का दोन पावलं पुढे आली.

सुनेने मांडीवरची बॅग उचलली आणि शेजारच्या जागेवर ठेवली. मग खिडकीबाहेर बघू लागली.

कंडक्टर म्हणाला, “आजी, बसा ना, त्या ताईंना बॅग उचलायला सांगा.”

“राहू दे,” आक्का म्हणाली. “ठीक आहे त्यांचं.”

तिने वरचा दांडा धरला. बस सुटली, वळणावर कलली. आक्काने पाय थोडे फाकवले, पिशवी खांद्यावर नीट सरकवली आणि आपला थांबा येईपर्यंत तशीच सरळ उभी राहिली.